'करीन' म्हणजे नेमकं काय करीन?

अंबाजोगाईहून एका विद्यार्थिनीनं विचारलंय : इंग्रजी पेपरात घाट उतरणाऱ्या ट्रकसाठी 'करीन' (careen) हे क्रियापद वाचलं. शब्दकोशात पाहिलं तर अर्थ निघाला 'जहाज कुशीवर कलतं करणं'. 'सुसाट धावणं' या अर्थाच्या 'करिअर' (career) क्रियापदाच्या जागी चुकून छापलं असेल का?

छपाईची चूक नाही, शब्दकोशही खोटा नाही. लॅटिनमध्ये 'करिना' म्हणजे जहाजाच्या तळाचा कणा. (हिवाळ्यात आपल्याला दक्षिणेला अगस्ती दिसतो ना, त्याच्या तारकासमूहाचं नावही हेच.) लाकडी जहाजाच्या बुडाला कालवं-शेवाळ चिकटलं की ते किनाऱ्यावर एका कुशीवर पाडायचे, बूड खरवडायचे, फटी बुजवायचे. हे झालं 'करीन' करणं. पुढं वाऱ्यानं कललेलं जहाजही करीन व्हायला लागलं, आणि 20व्या शतकात अमेरिकेत हा शब्द रस्त्यावर उतरला : तोल जात, डुलत, सुसाट.

'करिअर'चं घराणं वेगळं. त्याच्या मुळाशी आहे गाडी. फ्रेंचमधून इंग्रजीत आला तो घोडदौडीची वाट आणि भरधाव दौड हे अर्थ घेऊन. नोकरीधंद्याचा अर्थ बराच नंतरचा. क्रियापद म्हणून तो आजही बेफाम धावणंच सांगतो. लातुरात क्लासच्या पाट्या वाचताना मला हे हटकून आठवतं.

काटेकोर मंडळी अजून म्हणतात, कलणं असेल तर करीन, नुसता वेग असेल तर करिअर. वापरात मात्र दोन्ही एकमेकांत मिसळलेत.

मराठीत आणताना 'अनियंत्रित झाला' लिहू नका, ती पंचनाम्याची भाषा. करिअरला आपल्याकडं 'उधळणं' आहे. कासरा हातातून सुटून बैल गाडीसकट उधळतात, तेव्हा गाडी कलतेच असं नाही, पण आवरत नाही. करीनला असं एकच क्रियापद सापडत नाही, आणि त्याची गरजही नाही. आपण चाल 'खात'मध्ये सांगतो नि धाव 'सुटला'मध्ये. ऊस भरलेली डबल ट्रॉली उतारावर बघा : पुढचं ट्रॅक्टर सरळ, मागची ट्रॉली एकदा या अंगाला, एकदा त्या अंगाला, वरच्या मोळ्या रस्त्यावर. ती हेलकावे खात सुटते.

तेव्हा तुमचा ट्रक 'झोकांड्या खात उतारावर सुटला'. आणि बातमीत तो कुठंच कललेला नसेल, तर बिनधास्त 'उधळला' लिहा.