चांगला कोचिंग स्टाफ आणि त्यातली आपल्या मुलाची जागा

प्रश्न : माझा मुलगा नुकताच दहावी झाला असून पेठेतल्या तालमीच्या संघाकडून खेळतो. व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या कोचिंग स्टाफमध्ये काम करायचे, असे तो म्हणतो. चांगला स्टाफ कशाला म्हणायचे आणि त्याने अकरावीला कोणती शाखा घ्यावी?
– एक पालक, शिवाजी पेठ, कोल्हापूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपल्या पेठांच्या संघांत बहुधा एखादा ज्येष्ठ खेळाडूच सराव घेतो, संघ निवडतो आणि कुणाचा पाय मुरगळला तर बर्फही तोच लावतो. व्यावसायिक क्लबमध्ये हीच कामे मुख्य प्रशिक्षक, सहायक प्रशिक्षक, गोलरक्षकांचा प्रशिक्षक, फिटनेस कोच, फिजिओ आणि सामन्यांचे चित्रीकरण तपासणारा विश्लेषक यांच्यात वाटलेली असतात.

मुख्य प्रशिक्षकाला जे येत नाही ते येणारी माणसे त्याच्याभोवती असणे आणि त्या माणसांना त्याच्याशी असहमत होण्याची मुभा असणे, ही मी चांगल्या स्टाफची खूण मानतो. इंग्लिश प्रशिक्षक ब्रायन क्लफ आणि त्यांचे सहायक पीटर टेलर यांच्या जोडीने इंग्लंडच्या नॉटिंगहॅम फॉरेस्ट क्लबला १९७९ आणि १९८० असा सलग दोनदा युरोपियन कप, म्हणजे युरोपातल्या क्लबांची सर्वोच्च स्पर्धा, जिंकून दिला, त्यात खेळाडू हेरण्याची नजर प्रामुख्याने टेलर यांची होती. त्याआधी १९७४ मध्ये क्लफ टेलर यांच्याविना लीड्स युनायटेड या क्लबकडे गेले, तेव्हा ४४ दिवसांतच त्यांना पद सोडावे लागले होते. त्या अपयशाची इतरही कारणे होती, तरी मला हे उदाहरण महत्त्वाचे वाटते.

स्टाफची खरी परीक्षा दुखापतीच्या वेळी होते. मांडीमागचा स्नायू दुखावलेला खेळाडू ‘मी ठीक आहे’ म्हणतो, प्रशिक्षकालाही मोठ्या सामन्यासाठी तो हवा असतो आणि प्रेक्षकही त्याच्या नावाचा गजर करत असतात. अशा वेळी फिजिओ ‘नाही’ म्हणाला आणि तो शब्द अखेरचा मानला गेला, तर तो स्टाफ चांगला. शाहू स्टेडियमवर दुखापत लपवून खेळण्याला आपण शौर्य समजतो, पण घाईने मैदानात उतरवलेल्या खेळाडूचा तोच स्नायू पुन्हा फाटण्याचा धोका मोठा असतो आणि त्यात उमेदीची वर्षे जातात. फिटनेस कोचचे काम याच्या आधीचे आहे : कोण किती आणि किती वेगाने धावला याची नोंद ठेवून दुसऱ्या दिवशीचा सराव कुणासाठी हलका करायचा, हे तो सांगतो.

आपल्या मुलाने बॉब पेस्ली यांच्याविषयी अवश्य वाचावे. खेळणे थांबवल्यावर ते इंग्लंडच्या लिव्हरपूल क्लबमध्ये खेळाडूंच्या दुखापतींवर उपचार करत. १९७४ मध्ये ते तिथेच व्यवस्थापक, म्हणजे आपल्या भाषेत मुख्य प्रशिक्षक, झाले आणि १९७७, १९७८ व १९८१ चे युरोपियन कप क्लबने त्यांच्या हाताखाली जिंकले.

प्रशिक्षक होण्यासाठी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाचे डी, सी, बी, ए अशा चढत्या क्रमाचे परवाने असतात आणि त्यांच्यावर प्रो परवाना असतो. ही वाट लांब आहे, म्हणून परवान्यांच्या जोडीला त्याने एक स्वतंत्र विद्या हाताशी ठेवावी, असे मी आग्रहाने सांगेन. फिजिओथेरपीची पदवी त्यासाठी उत्तम, कारण क्लब मिळेपर्यंत रुग्णालयात किंवा स्वतःच्या दवाखान्यातही काम करता येते. त्यामुळे अकरावीला त्याने विज्ञान शाखा घ्यावी. गणित सोडले तरी चालेल, जीवशास्त्र मात्र सोडू नये.