वडिलांना दोन महिन्यांपासून कोरडा खोकला आहे, एक्सरे नॉर्मल आहे. कारण काय असू शकेल?

एसीवर खापर फोडण्याआधी एक सांगा, वडिलांना बीपीची गोळी कोणती चालू आहे? वय लिहिलंत, ताप नाही, बेडका नाही, रात्री आडवं झालं की उबळ येते, घरातले सगळे एसीला दोष देतात, हे सगळं नीट लिहिलंत. पण ‘बीपीची गोळी चालू आहे’ एवढं म्हणून पुढे गेलात. आमच्याकडेही सगळे असेच पुढे गेले, आणि त्या नादात चार माग भंगारात गेले.

आम्ही इचलकरंजीचे. घरामागच्या शेडमध्ये कापड विणायचे चार साधे यंत्रमाग होते आणि अप्पा, म्हणजे वडील, स्वतःच जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारे. आयुष्य त्या खडखडाटात गेलेलं. श्रावणात त्यांना बीपी निघालं, गोळी सुरू झाली, आणि गणपतीत खोकला लागला. खोकला असा की घशात पीस फिरवल्यासारखी खाज यायची, दोन-चार ठसके, मग पाणी. दिवसा फार नाही, पण रात्री सगळं घर जागं.

आमच्या गावात खोकल्याचं कारण शोधावं लागत नाही. मागाची धूळ! शेजारी, पाहुणे, दूधवाला, सगळ्यांचं एकमत. आणि दादाला तर तेच हवं होतं. त्याला माग विकून त्या जागेत भाड्याने द्यायला गाळे काढायचे होते. सूत महाग, कापडाला भाव नाही, वीजबिल डोक्यावर, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. पण अप्पा ऐकेनात. मग खोकला त्याच्या मदतीला आला. अप्पांना ठसका लागला की हा लगेच, “बघा, मागानं छाती खाल्ली तुमची.”

मधल्या काळात उपचार काय झाले म्हणता? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिक दिलं, मग सर्दी-अ‍ॅलर्जीची गोळी, मग सिरप, मग दुसरं सिरप. वहिनीचा काढा वेगळाच, त्यात मूठभर ज्येष्ठमध. (ज्येष्ठमध रोज भरपूर पोटात गेलं तर बीपी वाढतं, हे कोणी सांगत नाही. अप्पांचं बीपी वर गेलं तेव्हा डॉक्टरांनी काढ्याचं विचारलं नाही, त्याच गोळीचा डोस वाढवला.) दही, ताक, केळं बंद. पंखा बंद. शेवटी दिवाळीनंतर अप्पा कंटाळून म्हणाले, न्या ते माग. बिडाच्या फ्रेमा घणाने फोडून टेम्पोत भरल्या, किलोवर वजन झालं. अप्पा त्या दिवशी आत्याकडे जाऊन बसले होते.

खोकला तसाच राहिला. दादाचं उत्तर तयार होतं, “आत बसलेली धूळ आहे, निघायला वेळ लागणार.”

होळीच्या सुमारास आमचे डॉक्टर बाहेरगावी होते आणि त्यांच्या जागी एक तरुण डॉक्टरीणबाई बसल्या होत्या. त्यांनी छाती तपासली, एक्सरे बघितला आणि म्हणाल्या, “घरातल्या सगळ्या गोळ्या घेऊन या, पिशवीसकट.” मी पिशवी टेबलावर ओतली. केमिस्टने चार-चार गोळ्यांचे तुकडे कापून दिलेले, त्यामुळे नावं अर्धवट. एका तुकड्यावर नुसतं ‘प्रिल’ उरलं होतं. तो तुकडा त्यांनी उजेडात धरला आणि विचारलं, “ही आधी सुरू झाली की खोकला आधी?” सहा महिन्यांत हा प्रश्न विचारणारं पहिलं माणूस!

तर तुमच्या प्रश्नाचं निदान अर्धं उत्तर हे. रॅमिप्रिल, एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, पेरिंडोप्रिल, असं शेवटी ‘प्रिल’ येणाऱ्या बीपीच्या गोळ्यांनी कोरडा खोकला होतो. साधारण शंभरात 5 ते 20 जणांना होतो, बायकांना जास्त. या गोळ्या शरीरातलं एक एन्झाइम अडवतात. त्याने बीपी उतरतं, पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिन नावाचा पदार्थही मोडत असतं. तो साचतो आणि घसा, श्वासनलिका हुळहुळ्या होतात. या जातीची पहिली गोळी ब्राझीलमधल्या एका सापाच्या विषावरच्या संशोधनातून निघाली, हे मला नंतर कळलं. खोकला पहिल्याच दिवसापासून लागेल असंही नाही, काही महिन्यांनीही लागतो, म्हणून कोणाला संशय येत नाही. गोळी थांबली की बहुतेकांचा 1 ते 4 आठवड्यांत जातो, क्वचित 3 महिने लागतात. सिरपने जात नाही. अप्पांना बदलून टेल्मिसार्टन दिली. पाडव्यापर्यंत रात्रीची झोप लागायला लागली, अक्षय्य तृतीयेला खोकल्याचं नाव नव्हतं.

दादा आजही चारचौघांत सांगतो, माग गेले म्हणून अप्पांची छाती सुटली. वहिनी म्हणते, काढा. मग दिवाळीपासून होळीपर्यंत माग नव्हते तेव्हा कोण खोकत होतं? आणि काढा तर गणपतीपासून चालू होता! कापसाच्या धुळीचा आजार असतो, नाही असं मी म्हणत नाही. पण त्यात छाती आवळते, दम लागतो, सुट्टीनंतर कामावर गेल्याच्या पहिल्या दिवशी त्रास जास्त असतो, आणि सर्वांत जास्त तो सूतगिरणीत कापूस पिंजतात त्या खात्यातल्या लोकांना होतो. अप्पांना यातलं काहीच नव्हतं. आता तर ते गल्लीतल्या दुसऱ्याच्या कारखान्यात सकाळभर जाऊन बसतात, तिथल्या पोरांच्या मागाला हात लावतात. एक ठसका येत नाही. दादा, माग भाव नव्हता म्हणून विकलेस, तसं सांग की!

असो. तुमच्या वडिलांची गोळी ‘प्रिल’वाली नसली तर बाकीची कारणं नेहमीचीच. व्हायरल सर्दीनंतरचा खोकला आठ आठवड्यांपर्यंत रेंगाळतो. नाकातून घशात उतरणारा स्राव. शिट्टी न वाजणारा, नुसता खोकल्याचा दमा, हा रात्री-पहाटे जास्त. आणि आम्लपित्त, आडवं झाल्यावर उबळ येते म्हणता तर रात्री उशिरा जेवून लगेच झोपतात का ते बघा. एसीच्या गार कोरड्या हवेने उबळ वाढते, पण दोन महिन्यांचा खोकला नुसता एसीने लागला हे मला पटत नाही. फिल्टर मात्र धुवा.

गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका, हे आधीच लिहायला हवं होतं. बीपी चढलं तर खोकला परवडला म्हणाल. डॉक्टरांना सांगून बदलून घ्या, बहुतेकांना बदलून मिळते. काहींना हृदयासाठी मुद्दाम तीच दिलेली असते, तेव्हा निर्णय त्यांचाच. आणि दोन आठवड्यांवरच्या खोकल्याला टीबीची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते. एक्सरे नॉर्मल असला तरी त्याबद्दल विचारून घ्या. वजन उतरत असेल, संध्याकाळी कणकण, रात्री घाम किंवा थुंकीत रक्त असेल तर माझं हे सगळं बाजूला ठेवा आणि उद्याच जा. जाताना पट्ट्या न्या, आणि केमिस्टने नाव कापून टाकलं असेल तर त्याच्याकडून गोळीचं पूर्ण नाव कागदावर लिहून घ्या.