सुट्टीच्या दिवशी ड्युटीवर कोण असतं?

प्रिय बाळा,

तुझा मेसेज रात्रीच वाचला, दोनदा वाचला, पण उत्तर सकाळवर ढकललं, कारण तू चिडून लिहिलं होतंस आणि वाचता वाचता मलाही राग यायला लागला होता, आणि रागात लिहिलेलं पत्र परत घेता येत नाही. ऑफिसच्या कार्डावर ‘मेरी ख्रिसमस’ काढून नुसतं ‘सणाच्या शुभेच्छा’ छापलं म्हणून तुला आता मंडळीच्या सह्या गोळा करून पत्र द्यायचंय, आणि ते मी रविवारी चर्चमध्ये उपदेशाच्या पुलपिटवरून वाचून दाखवावं असं तुझं म्हणणं. मी वाचणार नाही बाळा. तुझा राग खोटा आहे असं मला अजिबात वाटत नाही, ज्या नावावर आपला जीव आहे ते कोणी सहज गाळलं की लागतंच. पण का वाचणार नाही ते नीट सांगतो.

आधी जरा मागे जाऊ. पहिली तीनशे वर्षं आपल्या ख्रिस्ती लोकांना सुट्टी अशी नव्हतीच. साधारण ११२ साली प्लिनी नावाच्या रोमन सुभेदाराने सम्राट ट्राजानला लिहिलंय की हे लोक ठरलेल्या दिवशी उजाडायच्या आत जमतात आणि ख्रिस्ताला देव मानून स्तोत्र म्हणतात. उजाडायच्या आत का, तर बहुतेक उजाडल्यावर कामावर जायचं असायचं म्हणून, त्यात कितीतरी जण गुलाम होते, त्यांना कोण रजा देणार. रविवारची सरकारी सुट्टी आली ३२१ साली, सम्राट कॉन्स्टंटाईनच्या हुकुमाने, आणि त्या हुकुमात ख्रिस्ताचं नावसुद्धा नाही, ‘सूर्याचा दिवस’ एवढंच आहे, आणि शेतकऱ्यांना तर त्यातूनही वगळलेलं. २५ डिसेंबरला नाताळ पाळल्याची सगळ्यात जुनी नोंद रोममधली, ती ३३६ सालची. शुभवर्तमानात तर तारीखच नाही. म्हणजे ज्यांनी छळ सोसून हा विश्वास आपल्यापर्यंत पोचवला त्यांच्याकडे ना सुट्टी होती ना कार्ड, आणि तरी विश्वास टिकला, वाढला.

आणि नाताळवर कडक बंदी कोणी आणली होती माहितेय? आपल्याच लोकांनी. १६४७ साली इंग्लंडच्या पार्लमेंटने हा सण रद्द केला, १६५९ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटन, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंट लोकांच्या वसाहतीत नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता, तो कायदा १६८१ ला उठला. ते लोक नास्तिक नव्हते, शास्त्र उशाशी घेऊन झोपणारे होते. शास्त्रात नाही तो सण आम्ही पाळणार नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही, मला नाताळ मनापासून प्रिय आहे, पण त्यांच्या विश्वासावर मी बोट ठेवणार नाही. बायबलमध्ये प्रेषित पौलाने रोमकरांस पत्रात चौदाव्या अध्यायात हेच लिहिलंय ना, एकजण एक दिवस विशेष मानतो, दुसऱ्याला सगळे सारखे, ज्याने त्याने आपल्या मनाची खात्री करून घ्यावी. मग जो माणूस आपल्या विश्वासाचाच नाही, त्याने छापलेल्या कार्डात आपण आपल्या प्रभूचा मान का शोधायचा?

आता एक माझं सांगतो, हे मी फार लोकांना सांगितलेलं नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी नाताळच्या सकाळी मी याच विषयावर उपदेश केला होता. आपला सण आपल्यापासून हिरावला जातोय, सणातून ख्रिस्तालाच काढून टाकलंय वगैरे. चाळीस मिनिटं बोललो. लोकांना फार आवडलं, दारात हात हातात घेऊन सांगत होते. गर्दी ओसरल्यावर मंडळीतली एक बाई आली, नर्स आहे ती, रात्रपाळी करून तशीच युनिफॉर्मवर आलेली, नाकावर मास्कचा लाल वळ अजून होता. तिने विचारलं, “पास्टर, प्रभुभोजन झालं का?” झालं होतं, प्रभूच्या आठवणीची भाकर आणि पेला सगळ्यांना वाटून झाला होता. पेले धुवून फडक्यावर पालथे घातलेले तिला दारातूनच दिसत होते. मी म्हणालो, पुढच्या महिन्यात आहे की. ती “बरं” म्हणाली, शेवटच्या बाकावर दोन मिनिटं डोळे मिटून बसली आणि गेली. भाकर उरली होती बाळा. पेला पुन्हा भरायला कितीसा वेळ लागला असता? हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी जेवायला बसलो होतो, आणि मग ते जेवण काही गेलं नाही.

त्या दिवसापासून बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा पहिला अध्याय मी वेगळा वाचतो. तिथे देव म्हणतो, तुमच्या सणांचा मला वीट आलाय, त्यांचं ओझं झालंय. आमोस संदेष्ट्याच्या पाचव्या अध्यायातही तेच. सण काही परक्यांचे नव्हते, त्यानेच नेमून दिलेले होते, पाळणारेही रीतीने पाळत होते. पण अनाथाला न्याय नव्हता आणि विधवेचं कोणी ऐकत नव्हतं.

मग ख्रिस्ती माणसाने सार्वजनिक गोष्टीत तोंड उघडूच नये का, असं तू विचारशील. उघडावं, जरूर उघडावं, आणि तू उघडशील याचा मला आनंदच आहे. ३९० साली ग्रीसमधल्या थेस्सलनीकात रोमन सम्राट थिओडोसियसच्या सैन्याने हजारो माणसं कापली तेव्हा मिलानच्या बिशप अँब्रोजने त्याला पत्र लिहिलं, की पश्चात्ताप केल्याशिवाय तुला वेदीजवळ येता येणार नाही. सम्राटाने मान खाली घातली, आणि त्याला परत घेतलं ते त्याच वर्षीच्या नाताळात असं सांगतात. आणि अमेरिकेत काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढलेले पास्टर मार्टिन ल्यूथर किंग बघ. तिथल्या बर्मिंगहॅम शहरातलं आंदोलन त्यांनी मुद्दाम ईस्टरच्या खरेदीच्या दिवसांत धरलं, म्हणजे ज्या दुकानांत काळ्या माणसाला बरोबरीने बसू देत नव्हते त्यांना झळ बसेल. १२ एप्रिल १९६३, उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे, त्या दिवशी त्यांना अटक झाली. ईस्टर जेलमध्ये गेला. बाहेर आठ गोऱ्या धर्मगुरूंनी निवेदन काढलं की हे सगळं अवेळी चाललंय, त्याला त्यांनी १६ एप्रिलला जेलमधून उत्तर लिहिलं. मी पास्टर आहे म्हणून मला त्या आठ जणांचीच जास्त भीती वाटते, आपापल्या मंडळीत ती बरी माणसंच असणार.

या दोन्ही पत्रांत स्वतःच्या सणासाठी काही मागितलेलं नाही. तुझ्या पत्रात सगळं आपल्यासाठीच आहे. मागच्या वर्षी तूच मला सांगितलं होतंस, तुझ्या शेजारच्या टेबलवरच्या मुलाला त्याच्या सणाला रजा नाकारली, तो दुसऱ्या धर्माचा, आणि तो दिवसभर गप्प बसून काम करत होता. तेव्हा सह्या गोळा कराव्या असं तुला वाटलं नाही, आणि तू सांगत असताना मलाही सुचलं नाही. लोकांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं आपण त्यांच्याशी वागावं, हे मत्तय ७:१२ आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. तर पत्र लिहीच, पण ते रजेबद्दल लिही. प्रत्येकाला वर्षातून एक दिवस त्याच्या सणाला मिळावा, कोणता ते ज्याने त्याने सांगावं, आणि त्या दिवशी इतरांनी त्याचं काम सांभाळावं. पहिली सही त्या मुलाला विचारून कर, त्याला नको असेल तर त्याच्या नावाने भांडू नकोस. असं पत्र असेल तर माझी सही घे, पुलपिटवरून मात्र तेही वाचणार नाही, तिथे वाचायला शास्त्र आहे.

कार्ड देणाऱ्याला हसून “मेरी ख्रिसमस” म्हण. तुला कोणी अडवलेलं नाही. त्याने का म्हणून विचारलं तर सांग, आणि वाद न घालता सांग.

अजून एक. या नाताळला सकाळची उपासना झाली की मी चर्च बंद करणार नाहीये, दुपारी तीनपर्यंत दार उघडं, भाकर आणि पेला झाकून ठेवलेला. नर्स, ड्रायव्हर, वॉचमन, ज्याची ड्युटी जेव्हा सुटेल तेव्हा त्याने यावं. एकटा आला तरी प्रभुभोजन होईल. दाराशी कोणीतरी बसायला हवंय, बारा ते तीन. घरी विचारून मला कळव.

तुझा,
पास्टर