गणित सहावा विषय म्हणून घ्या

प्रश्न: मुलगी १४ वर्षांची आहे, तीन वर्षांपासून घरीच शिकते. दिवसभर शिवण आणि चित्रं. एनआयओएस या राष्ट्रीय मुक्त शिक्षण मंडळातून दहावी करायचं ठरलंय, पण गणिताचं नाव काढलं की रडारड. तिचे बाबा म्हणतात, गणिताशिवाय दहावी म्हणजे अर्धवट दहावी. घ्यावं की सोडावं? — एक आई, नाशिक

ताई, गणित शिकायचं का आणि गणिताचा पेपर द्यायचा का, हे दोन प्रश्न तुमच्या पत्रात एकमेकांत गुंतलेत. शिकण्यातून सुटका नाही. पेपरच्या बाबतीत मात्र तुम्हाला वाटतं त्यापेक्षा बरीच मोकळीक आहे.

एनआयओएसच्या दहावीला पाच विषयांत उत्तीर्ण व्हावं लागतं, त्यांत किमान एक भाषा हवी. गणित सक्तीचं नाही. पाचांवर आणखी दोन विषय जादा घेता येतात. तेव्हा मराठी, इंग्रजी, चित्रकला, गृहविज्ञान, मानसशास्त्र असे तिच्या कलाने पाच घ्या आणि गणित सहावं ठेवा. ते अडकलं तरी प्रमाणपत्र अडकत नाही. सगळे पेपर एकदम द्यायचीही गरज नाही. नोंदणी पाच वर्षं चालते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर अशी वर्षातून दोनदा परीक्षा होते. गणित शेवटी, एकट्याने द्यायचं.

मुळात द्यायचंच कशाला? अकरावी कला शाखेला ते लागत नाही. वाणिज्यला गणिताऐवजी चिटणिसाची कार्यपद्धती घेता येते. एनआयडी (डिझाइन) आणि निफ्ट (फॅशन) या राष्ट्रीय संस्थांचा बी.डिझाइन कोणत्याही शाखेच्या बारावीवर करता येतो. पण निफ्टच्या प्रवेश परीक्षेत अंकगणिताचे प्रश्न असतात. आणि उद्या तिला आर्किटेक्ट व्हावंसं वाटलं, तर बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही लागतात. चौदाव्या वर्षी शिवणात रमलेली मुलगी सतराव्या वर्षी घरांचे नकाशे काढू लागली, तर त्यात नवल नाही. एवढ्यासाठी दार उघडं ठेवा, त्यापलीकडे गणिताचा धाक नको. बाबांचं ‘अर्धवट दहावी’ मला पटत नाही.

आता खरं काम. पुस्तक उघडण्याआधी तिला एक उदाहरण द्या: क्ष/३ + क्ष/४ = ७. उत्तर १२. तिने डावी बाजू २क्ष/७ अशी लिहिली, तर तिला बीजगणित येत नाही असं समजू नका, अपूर्णांकांची बेरीज कच्ची आहे. दहावीच्या गणितातली निम्मी रडारड पाचवी-सहावीतून येते आणि दहावीची शिकवणी लावून ती थांबत नाही. पहिले दोन-अडीच महिने फक्त अपूर्णांक, ऋण संख्या, गुणोत्तर आणि शेकडेवारी. आठवड्यातून पाच दिवस, रोज ४० मिनिटं. रविवारी दोन तास बसवण्यात अर्थ नाही, पुढच्या रविवारपर्यंत सगळं विसरलेलं असतं.

मग अभ्यासक्रम पुस्तकाच्या क्रमाने घेऊ नका. बीजगणित सुरुवातीलाच आहे आणि मुलं तिथेच बसकण मारतात. आधी व्यावहारिक गणित (शेकडेवारी, हप्ते), मग क्षेत्रमापन, मग सांख्यिकी, त्यानंतर बीजगणित. भूमिती आणि त्रिकोणमिती शेवटी.

क्षेत्रमापनासाठी तिचं शिवण वापरा. पूर्ण घेराचा स्कर्ट, कंबर ६६ सेंमी: कंबर म्हणजे आतल्या वर्तुळाचा परीघ (२ × २२/७ × त्रिज्या), तेव्हा आतली त्रिज्या ६६ × ७ ÷ ४४ = १०.५ सेंमी. उंची ६० धरली तर बाहेरची त्रिज्या ७०.५, म्हणजे व्यास १४१ सेंमी. ४४ इंची पन्हा (कापडाची रुंदी) साधारण ११२ सेंमी, तेव्हा एका तुकड्यात बसत नाही. दोन अर्धवर्तुळं कापून जोडायची, कापड शिलाईच्या मायेसकट तीन मीटरच्या आसपास. हे तिने स्वतः वहीत मांडून, मगच कात्री लावायची. चूक झाली तर कापड वाया जाईल, म्हणून पहिल्यांदा जुनी चादर घ्या.

उत्तीर्ण व्हायला ३३ टक्के पुरतात. टीएमए म्हणजे गृहकार्याला २० टक्के भार असतो; ते मुदतीत न दिल्याने फुकटचे गुण जातात. बाबा शेजारी बसून ‘एवढंही येत नाही?’ म्हणणार असतील, तर त्यांच्याकडे टीएमए वेळेवर अपलोड करायचं काम द्या.