येशूच्या बारा शिष्यांत नसलेला पौल ख्रिस्ती मंडळीचा खरा संस्थापक कसा?

काही अभ्यासक पहिल्या शतकातला प्रचारक पौल याला ख्रिस्ती धर्माचा खरा संस्थापक म्हणतात, ते बरोबर आहे का, असं तुम्ही विचारलं आहे. मला ते पटत नाही. मंडळी, म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवणाऱ्यांचा समुदाय, त्याच्या आधीपासून होती. पण ती यहुदी धर्मातला एक पंथ म्हणून न राहता सगळ्यांसाठी खुली झाली, यात त्याच्याइतका मोठा वाटा दुसऱ्या कोणाचा मला दिसत नाही.

मंडळी आधी होती, याचा साक्षीदार खुद्द पौलच आहे. आपण देवाच्या मंडळीचा छळ करत होतो, हे त्याने गलतीकरांना, म्हणजे गलतिया प्रांतातल्या मंडळ्यांना, पत्रातून स्वतःच कळवलं आहे. दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर त्याचं मन ख्रिस्ताकडे पालटलं आणि पुढे तीन वर्षांनी तो यरुशलेमला जाऊन येशूच्या बारा शिष्यांतल्या पेत्राकडे पंधरा दिवस राहिला. ख्रिस्ताचं मरण, पुरलं जाणं, तिसऱ्या दिवशी उठणं ही शिकवणही आपल्याला मिळाली तशीच पुढे दिली, असं तो करिंथकरांना सांगतो. सिरियातल्या अंत्युखिया शहरात शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा पडलं. तिथे यहुदी नसलेल्यांपर्यंत संदेश नेणारी माणसं कुप्र (सायप्रस) आणि उत्तर आफ्रिकेतल्या कुरेनेची होती, त्यांची नावंसुद्धा राहिलेली नाहीत. त्या निनावी माणसांचा मला फार आदर वाटतो. आणि रोममध्ये आधीच असलेल्या मंडळीला पत्र लिहिलं तेव्हा तर पौलाने रोम पाहिलंही नव्हतं.

पहिल्या मंडळीपुढचा सगळ्यात अवघड प्रश्न होता तो यहुदी नसलेल्यांचा. त्यांनी ख्रिस्तावर विश्वास ठेवला तर त्यांची सुंता करायची का, त्यांना मोशेचं नियमशास्त्र पाळायला लावायचं का? इ.स. 49 च्या सुमारास यरुशलेमात यावर बैठक झाली. पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा अंत्युखियाहून गेले. सोबत तीत होता, सुंता न झालेला ग्रीक माणूस. येशूचा भाऊ याकोब, पेत्र आणि योहान हे तिथल्या मंडळीचे आधारस्तंभ. त्यांनी पौलाच्या हातात हात दिला आणि तीतावर सुंतेची सक्ती केली नाही. गोरगरिबांची आठवण ठेवा, एवढंच सांगितलं, असं पौल लिहितो.

कागदावर मिटलेला हा वाद अंत्युखियात जेवणाच्या वेळी पुन्हा पेटला. पेत्र आधी सगळ्यांबरोबर एका पंगतीला बसत असे. याकोबाकडची माणसं आल्यावर तो मागे सरला, त्याच्यामागून बाकीचे यहुदी, शेवटी बर्णबासुद्धा. पौलाने सर्वांसमोर पेत्राला जाब विचारला. समोर कोण होता, तर बारा जणांतला पहिला! पंक्तिभेद म्हणजे काय हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही. देवाने दोघांना सारखं स्वीकारलं असेल तर जेवताना वेगळं बसण्याला आधार काय, हा पौलाचा मुद्दा होता. माझ्या मते मंडळी घडवण्यातलं त्याचं खरं काम इथे दिसतं. तेच तो करिंथकरांनाही सुनावतो: प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीच्या जेवणाला, जमता, पण काही जण आधीच खाऊन-पिऊन झिंगतात आणि बाकीचे उपाशी राहतात. रोमकरांना सांगतो, सर्व खाणाऱ्याने केवळ भाजीपाला खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, आणि भाजीपाला खाणाऱ्याने त्याला दोष देऊ नये.

काळाचा अंदाज हवा असेल तर एक पक्का आधार आहे. करिंथात पौलाला गल्लियो या रोमी सुभेदारापुढे उभं केलं होतं, आणि डेल्फी इथे सापडलेल्या शिलालेखावरून गल्लियोचा कारभार 51-52 च्या सुमाराचा ठरतो. त्या शहरात पौल दीड वर्ष राहिला, अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू करून पोट भरत होता. मंडळ्या घरांतून भरत. फिलिप्पैत जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाने घर उघडलं, करिंथजवळच्या किंख्रिया बंदरातल्या मंडळीत फिबी सेविका होती. या बायांशिवाय पौलाचं काम उभं राहिलं नसतं, आणि त्यांची नावं आपण फार कमी घेतो.

गोरगरिबांचा शब्दही त्याने पाळला. ग्रीक मंडळ्यांतून वर्गणी जमवून ती तो यरुशलेमला घेऊन गेला आणि तिथेच पकडला गेला. पुढे रोमी सम्राट नीरोच्या काळात रोममध्ये त्याचा शिरच्छेद झाला, अशी परंपरा आहे. इ.स. 70 मध्ये रोमी सैन्याने यरुशलेम आणि तिथलं मंदिर पाडलं, आणि तिथल्या मंडळीचा पहिला मान ओसरला. त्याआधीच इफिस, करिंथ, फिलिप्पै, थेस्सलनीका इथे मंडळ्या रुजल्या होत्या.

स्वतः वाचायचं असेल तर आधी गलतीकरांस पत्र घ्या. फक्त सहा अध्याय आहेत. मग बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकातला पंधरावा अध्याय वाचा. यरुशलेमच्या बैठकीची हकिकत तिथे सविस्तर आहे. अंत्युखियात पौलाने पेत्राला विचारलेला जाब मात्र त्या पुस्तकात कुठेच नाही, तो फक्त पौलाच्या पत्रात मिळतो.