बाईच वाचून दाखवतात, मग हा स्वतः कधी वाचणार?

दुसरीतल्या एका मुलाची आई ही तक्रार घेऊन आली. वर्गात रोज गोष्ट वाचून दाखवतात, घरी येऊन तो ती रंगवून सांगतो. पण पुस्तक हातात दिलं की एकेक अक्षर लावत बसतो. आयतं ऐकायची सवय लागली, हा तिचा निष्कर्ष.

डोळे तपासून झाले होते. अनोळखी गोष्ट वाचून दाखवली, तर सगळी उत्तरं बरोबर आली. दुसरा तितकाच सोपा उतारा पुढे ठेवला, तर ‘गर्दी’चं ‘गदी’ झालं, ‘पिशवी’च्या पहिल्या वेलांटीशी गाडी अडली (ती लिहायची अक्षराआधी, उच्चारायची नंतर). म्हणजे समज पक्की, अक्षरजुळणी कच्ची. गोष्ट बंद करून जुळणी सुधारत नाही; नवे शब्द कानावर पडायचे तेवढे थांबतात.

खोट दुसरीकडे होती. गोष्ट झाली की बाई तोच उतारा एकेकाला उभं करून वाचायला लावत. याला तो ऐकून पाठ! मग पानाकडे बघायचं कशाला? पाठ नसेल तिथे मागून कुणीतरी शब्द पुरवायचंच.

बाईंशी बोलून गोष्टीची आणि वाचनाची वेळ वेगळी केली. गोष्टीची १५ मिनिटं तशीच: मुलं अर्धवर्तुळात, चित्र सगळ्यांना दिसेल असं पुस्तक धरलेलं, मध्ये फार तर तीन थांबे. पानोपानी ‘आता काय होईल?’ विचारलं की धागा तुटतो आणि चुळबुळ सुरू होते.

वाचनाची १० मिनिटं निराळी, तीही न ऐकलेल्या मजकुराची. वीस शब्दांत दोनपेक्षा जास्त वेळा अडला, तर पुस्तक अवघड समजायचं. मुलांची पुस्तकं काढणाऱ्या ‘प्रथम बुक्स’ या संस्थेच्या पुस्तकांवर १ ते ४ पातळी छापलेली असते; याला १ दिली. पहिला आठवडा फक्त रफार: वर्ग, सूर्य, गर्दी. अडला तर मनात पाच अंक मोजायचे, मगच शब्द सांगायचा. चारचौघांत उभं करणं बंद.

घरी आईने एक पान वाचायचं, त्याने एक ओळ. ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या वाचन-गणिताच्या मोहिमेत दुसरीअखेर मिनिटाला ४५ ते ६० शब्दांचं लक्ष्य आहे, हे कळल्यापासून ती मोबाइलवर वेळ लावून बसत होती. ते आधी बंद करायला लावलं. घड्याळ दिसलं की पोरं अंदाजाने शब्द ठोकतात.

दिवाळीच्या सुट्टीनंतर रफार बसला. ‘द्ध’ आणि ‘ट्ट’ अजून चुकतात, म्हणून पातळी २ ला हात लावलेला नाही.