सही कोणाची, हे आधी पाहा

पंचवटी, नाशिक

चिरंजीवास, अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र दोनदा वाचले. पक्षकाराच्या फिर्यादीवर पोलिसांनी ब समरी, म्हणजे फिर्याद खोटी ठरवून तपास बंद करण्याची मंजुरी, मागितल्याची नोटीस हातात पडताच तू सीबीएस बसस्थानकाजवळच्या न्यायालयातून सरळ घरी गेलास आणि न्यायालय, पोलीस व पुढारी हे एकाच माळेचे मणी आहेत असे लिहून मोकळा झालास, याचे मला नवल वाटले नाही. तुझ्या वयात मीही माझ्या सीनियरांना असेच पत्र लिहिले होते. त्यांनी उत्तर न देता जुन्या रिमांड अर्जांचे, म्हणजे आरोपीची कोठडी मागणाऱ्या अर्जांचे, एक बाड चाळायला दिले होते. मी उत्तर देतो आहे, एवढाच फरक.

‘वरून फोन आला असणार’ असे तू तीन ठिकाणी लिहिले आहेस. आला असेलही. पण फोनचा पुरावा तुझ्याजवळ नाही आणि त्याच्यावर कोणताही न्यायाधीश निकाल देऊ शकत नाही. फौजदारी कामात प्रत्येक वळणावर एक कागद असतो, त्यावर कोणाची तरी सही असते, आणि त्या सहीवाल्याची बदली कोणीतरी करू शकतो. राजकारण कुठून आत येते हे शोधायचे असेल तर मी या क्रमाने जाईन.

तुझ्याच प्रकरणापासून पाहू. गुन्हा खरा पण आरोपी मिळत नाही असे म्हणायचे असेल तर अ समरी, गैरसमजातून किंवा दिवाणी वादातून फिर्याद झाली असेल तर क समरी, आणि फिर्याद जाणूनबुजून खोटी दिली असेल तर ब समरी. म्हणजे तिन्हींपैकी सर्वांत जड शेरा तुझ्या पक्षकाराच्या वाट्याला आला आहे. मात्र तपास अधिकारी समरी फक्त मागतो, ती मंजूर करण्याची सही दंडाधिकाऱ्यांची असते. भगवंत सिंग प्रकरणात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की फिर्यादीला नोटीस देऊन त्याचे म्हणणे ऐकल्याशिवाय असा अहवाल स्वीकारता येत नाही. ज्या नोटिशीमुळे तू खचलास, ती त्या निकालामुळेच तुझ्या हातात आली आहे. दंडाधिकारी अहवाल फेटाळून स्वतः दखल घेऊ शकतात किंवा पुढील तपासाचा आदेश देऊ शकतात. पण ‘दोषारोपपत्रच दाखल करा’ असे पोलिसांना सांगू शकत नाहीत, हे १९६७ च्या अभिनंदन झा निकालापासून ठरलेले आहे. तपासाअंतीचे मत पोलिसांचे आणि त्या मतावरचा निर्णय न्यायालयाचा, ही विभागणी जपली पाहिजे, कारण उद्या तू आरोपीच्या बाजूने उभा राहशील तेव्हा तुला तिचीच गरज पडेल.

आता बदलीकडे वळू. त्र्यंबक रोडवरच्या पोलीस अकादमीतून तुझ्याच वयाचे उपनिरीक्षक बाहेर पडतात; कायदा त्यांना बऱ्यापैकी येतो, आणि पहिल्याच नेमणुकीत आपण या ठाण्यात किती दिवस राहणार हे कोणाच्या हातात आहे, तेही कळते. प्रकाश सिंग प्रकरणाच्या २२ सप्टेंबर २००६ च्या निकालाने नेमके याच ठिकाणी बोट ठेवले आणि ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही किमान दोन वर्षांचा कार्यकाळ, बदल्या ठरवायला वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांचे आस्थापना मंडळ, आणि तपास व बंदोबस्त यांची फारकत असे आदेश दिले. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून मंडळे आणली खरी, पण लोकहित आणि प्रशासकीय निकड या कारणांसाठी मुदतपूर्व बदलीचा दरवाजाही त्याच दुरुस्तीत उघडा ठेवला. या दोन शब्दांना अर्थ देणारा बहुतेक वेळा बदली करणाराच असतो.

सरकारी वकिलांची गोष्टही तीच. १९९५ च्या शहाणे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्र सरकारला सहायक सरकारी वकिलांचे वेगळे केडर (सेवावर्ग) करून त्यांना पोलीस खात्याच्या ताब्यातून सोडवायला सांगितले. तरीही या वकिलांवर देखरेख करणारे अभियोग संचालनालय राहिले पोलिसांच्याच गृह विभागाखाली.

मी सरकारी वकिलाच्या खुर्चीत असताना महामार्गावरच्या रास्ता रोकोचा एक खटला मागे घेण्याचे शासनाचे पत्र आले होते. कांद्याचा भाव कोसळला म्हणून रस्त्यावर बसलेल्या शेतकऱ्यांवरचे गुन्हे होते. आपल्या जिल्ह्यात ही परंपरा किमान १९८० च्या आंदोलनापासूनची आहे. मी ‘शासन निर्णयानुसार’ अशी सुरुवात करून चार ओळींचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी तो वाचून विचारले, “शासनाचे मत कळले. सरकारी वकिलांचे काय आहे?” मी निरुत्तर झालो, कारण मी दोषारोपपत्र उघडूनही पाहिले नव्हते. कायद्याने अर्ज सरकारी वकिलाच्या स्वतःच्या विचाराने आणि न्यायालयाच्या संमतीने व्हायचा असतो. दोन दिवस कागद वाचल्यावर दिसले की बहुतेकजण नुसते रस्त्यावर बसले होते, पण एकाच्या दगडाने शिपायाचे डोके फुटल्याचा वैद्यकीय दाखला होता. त्या एकाला वगळून नवा अर्ज दिला आणि तो मंजूर झाला. मला नंतर कोणी जाब विचारला नाही, पण याचे श्रेय माझ्या धैर्याला देऊ नकोस. प्रकरण लहान होते आणि कोणाचे लक्ष नव्हते. आजी-माजी आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२१ मध्ये सांगावे लागले, ते लक्ष असलेल्या प्रकरणांमुळेच. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६० मध्ये तर पीडिताचे म्हणणे ऐकणेही बंधनकारक झाले आहे.

ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, आणि राजकारणाची खरी मोठी सही मला फोनपेक्षा अशा कायद्यांवर दिसते. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर आली की नोंद केलीच पाहिजे, असे २०१३ च्या ललिता कुमारी निकालाने सांगितले होते. संसदेने कलम १७३ मध्ये तीन ते सात वर्षांखालील शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षकांच्या परवानगीने, १४ दिवसांच्या प्राथमिक चौकशीची मोकळीक दिली. पंधरा दिवसांची पोलीस कोठडी पूर्वी पहिल्या पंधरवड्यातच मागावी लागे. आता ती पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत तुकड्यातुकड्यांनी मागता येते, आणि कोठडीचे दिवस अजून शिल्लक आहेत असे म्हणता येत असल्याने जामिनाच्या सुनावणीवर याची सावली पडतेच. या बदलांबद्दल उघड सभागृहात कोणी काय बोलले, ते वाच. ते गुपित नाही, म्हणूनच आपण ते वाचत नाही.

न्यायालयांनाही मोकळे सोडू नकोस. अर्नेश कुमार निकालाने २०१४ मध्ये यांत्रिकपणे कोठडी देणाऱ्या दंडाधिकाऱ्यांवरही खात्याच्या कारवाईचा इशारा दिला होता. तो काही पुढाऱ्यांमुळे द्यावा लागला नव्हता. रिमांडच्या वेळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या कामांची यादी, भरलेला असतो आणि छापील वाक्य हाताशी असते.

समरीला हरकत घेणाऱ्या तुझ्या प्रोटेस्ट अर्जाच्या मसुद्यात त्या स्थानिक नेत्याचे नाव अकरा वेळा आले आहे. ते दोनदा ठेव, तेही घटनेच्या ओघात येते तिथेच. त्या जागी शेजारच्या दोन दुकानदारांचे जबाब का घेतले नाहीत, समोरच्या दुकानाच्या कॅमेऱ्याचे चित्रण किती दिवसांनी मागितले, जखमांचा दाखला आणि पंचनाम्यातली वेळ कुठे जुळत नाही, हे तारखांसह लिही. रविवारी संध्याकाळी ये, आणि येताना रोजनाम्याची, म्हणजे न्यायालयाच्या तारखेवार कामकाज-नोंदीची, नक्कल विसरू नकोस.

तुझा,
एक जुना सरकारी वकील